‘बीबीए एव्हिएशन करा, होटगी रोडवर नोकरी पक्की’ : मेसेज पुढे पाठवण्याआधी

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा मथितार्थ असा : गावात विमानं सुरू झाली आहेत, बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या मुलाने तीन वर्षांची एव्हिएशनची पदवी घ्यावी, पदवी सरकारमान्य आहे, होटगी रोडच्या आपल्याच विमानतळावर 100 टक्के नोकरी आहे, पुढे पायलट किंवा एटीसी (टॉवरमधून विमानांची ये-जा सांभाळणारा नियंत्रक) होता येतं, फक्त चष्मा नको. यातलं एकच वाक्य पूर्ण खरं आहे, विमानं सुरू झाल्याचं. विमानांना आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली, 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं.

‘पदवी सरकारमान्य आहे.’ असेलही. पण विद्यापीठाची मान्यता पदवीला असते, आणि विमान उडवायला किंवा दुरुस्त करून उड्डाणायोग्य ठरवायला लागतो तो डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना. या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. माहितीपत्रकात ‘मान्यताप्राप्त’ दिसलं की कुणाची मान्यता आणि कशाला, एवढं विचारा. विमान दुरुस्तीचंही तेच : परवान्याच्या वाटेने जायचं तर संस्था डीजीसीएच्या सीएआर-147 या नियमाखाली मंजूर हवी. बीबीएतला ‘एअरक्राफ्ट मेंटेनन्स’ हा पेपर म्हणजे ते शिक्षण नव्हे.

‘पदवीनंतर पायलट होता येतं.’ पदवी नसली तरी होता येतं, आणि नुसत्या पदवीने होता येत नाही. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वय 18 पूर्ण हवं आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवं. ‘कोणतीही शाखा’ इथेच अडकते. कला-वाणिज्यची मुलं आजवर हे दोन विषय एनआयओएस या मुक्त शाळेतून देऊन ही अट पूर्ण करत आली आहेत. नियम सैल करायची चर्चा आहे, पण चर्चेच्या भरवशावर फी भरू नये.

नंतरचा क्रम असा. आधी क्लास 2 मेडिकल, मग अधिक कडक क्लास 1. डीजीसीएकडून परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे पेपर, प्रत्येकात किमान 70 टक्के. शिवाय विमानातला रेडिओ वापरण्यासाठी आरटीआर हा वेगळा परवाना. उड्डाण 200 तास, त्यात 100 तास स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार चालक म्हणून. त्या शंभरात 20 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, आणि त्यातली एक फेरी किमान 300 नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. म्हणजे सुमारे 555 किलोमीटर. सोलापूर-मुंबई हवाई अंतराच्या दीडपट. वर 10 तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडणं, आणि रात्रीचे 5 तास किमान दहा टेकऑफ-लँडिंगसह.

गाडं रुततं ते तासांवर. विमानं कमी आणि मुलं जास्त, एखादं विमान इंजिनासाठी उभं, पावसाळ्यात ढग खाली. आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत 15 तास उड्डाण झालेलं असावं लागतं, त्यामुळे 200 तास भरूनही पेपर किंवा कागदपत्रं रखडली तर पुन्हा पैसे भरून उडावं लागतं. एकूण खर्च ढोबळमानाने पन्नास लाखांच्या आसपास धरा, टाइप रेटिंग, म्हणजे कंपनीचं ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण, वेगळं. कॉलेजच्या वर्षाला दोन-तीन लाखांच्या फीमध्ये हे बसूच शकत नाही. जिथे ‘फ्लाइंगसह’ लिहिलेलं असतं तिथे बहुतेकदा सिम्युलेटर किंवा हौसेच्या एक-दोन फेऱ्या असतात. खरे फ्लाइंग स्कूल बारामतीसारख्या ठिकाणी असतात.

‘होटगी रोडच्या विमानतळावर 100 टक्के नोकरी.’ रोज मोजकीच विमानं येणाऱ्या ठिकाणी माणसंही मोजकीच लागतात. सत्तरेक आसनांचं एटीआर विमान आलं की चाकांना चॉक (अडणी), भोवती इशाऱ्याचे कोन, सामान उतरवणं-चढवणं, वजनाचा हिशेब मांडणारी लोडशीट, बोर्डिंग, एवढंच काम. लहान विमानतळावर सकाळी चेक-इनला बसलेला माणूसच नंतर गेटवर उभा दिसतो. टॉवर आणि अग्निशमन विमानतळ प्राधिकरणाकडे, सुरक्षा सुरक्षा दलाकडे. उरल्या विमान कंपनीच्या थोड्या जागा, आणि त्यांना बारावी किंवा कोणतीही पदवी चालते, कारण कामाचं प्रशिक्षण कंपनी स्वतः देते. आत जायचा पासही नोकरी देणाऱ्यामार्फत, पार्श्वभूमी तपासूनच मिळतो. कॉलेज तो देऊ शकत नाही.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट : काही अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी ‘डेंजरस गुड्स’चं, म्हणजे विमानातला धोकादायक माल हाताळण्याचं सर्टिफिकेट देतात. त्याची मुदत 24 महिने. तिसऱ्या वर्षी मुलगी मुलाखतीला जाते तेव्हा ते संपलेलं असतं.

‘एटीसी होता येतं.’ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह एटीसीला फिजिक्स-मॅथ्ससह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं, वयोमर्यादा 27. बीबीएचा अर्जच बसत नाही. त्याहून गंमत म्हणजे प्राधिकरणाच्या ‘एअरपोर्ट ऑपरेशन्स’ पदालाही विज्ञान पदवी अधिक एमबीए, किंवा इंजिनिअरिंग मागतात. ज्या नावाने अभ्यासक्रम विकला जातो त्याच नावाच्या सरकारी जागेला तो चालत नाही. त्यापेक्षा सोलापुरातल्याच कॉलेजात साधं बीएस्सी करणारा मुलगा त्या जागेच्या जास्त जवळ असतो.

‘चष्मा नको.’ चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर पायलटलाही चालतो. खरा अडसर रंग ओळखण्याचा असतो, आणि तो घरी कळत नाही. म्हणून कॉलेजची फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या.

मग हा अभ्यासक्रम अगदीच टाकाऊ का? नाही. कार्गो, ग्राउंड हँडलिंगची सुपरवायझरी, विमान कंपन्यांची कार्यालयं इथे तो उपयोगी पडतो. पण ती कामं पुणे, मुंबई, नवी मुंबईत आहेत. मुलाची तिकडे जायची तयारी असेल तर जरूर घ्या.

प्रवेशाच्या टेबलावर हे लेखी मागा : फीमध्ये विमानातले नेमके किती तास, कोणत्या फ्लाइंग स्कूलमध्ये, त्याचं नाव डीजीसीएच्या यादीत आहे का, त्यांच्याकडे आज उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत, आणि न उडालेल्या तासांचे पैसे परत मिळतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी मिळालं तर पावती फाडू नका.