बेस कापू नका, आधी मिक्सर पुढं ओढा

आत्ता सांगलीतल्या कार्यक्रमातून घरी आलोय. डोकं तापलंय, झोप येणार नाही, म्हणून लिहितोय.

पुण्याहून रेगे-रॉक (जमैकाचा रेगे आणि रॉक एकत्र) वाजवणारी पोरं आली होती. नवा अल्बम पदरच्या पैशानं केलाय, डोक्यावर कुठल्या कंपनीचा हात नाही. स्वतःचा स्नेअर ड्रम, सिंबल, पेडल, गिटारी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घालून गावोगाव निघालीत. साऊंडचेकला एक तास ठरला होता. मिळाली बारा मिनिटं. का, तर सत्कार लांबले.

दुसऱ्याच गाण्यात बेस, म्हणजे बेस गिटारचा खालचा सूर, गायब झाला. बेस वाजवणारा पोरगा मागं वळला, वाकून स्वतःच्या अँपला (गिटारच्या स्पीकरला) कान लावला. तिथं वाजत होता. मग त्यानं मिक्सरकडं, सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करायच्या टेबलाकडं, बघून बोट वर केलं, वाढव म्हणून. मिक्सरवाल्यानं मान हलवली. नाही.

रेगेत चाल बेस सांगतो. गिटार दोन आणि चारवर ‘चक’ करून गप्प बसते, ऑर्गन मधल्या जागा भरतो. बेस काढला तर उरते ती नुसती चकचक. लोकांना वाटतं, पोरांना वाजवता येत नाही. याचाच राग येतो मला.

झालं काय होतं, तर मिक्सर मागच्या भिंतीला टेकून, बाल्कनीच्या खाली मांडला होता. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनं), तिची लाट आठ मीटरच्या वर लांब. असा आवाज भिंतीशी साठतो, मधल्या रांगांत पातळ पडतो. मिक्सरवाल्याला घुमायला लागलं आणि त्यानं बेसच्या चॅनलवर (मिक्सरवरच्या त्याच्या पट्टीवर) १०० हर्ट्झचा लो-कट दाबला, म्हणजे त्याखालचा आवाज कापला. बेसच्या चारही मोकळ्या तारा, ४१, ५५, ७३ आणि ९८, १०० च्या खाली आहेत! एका बटणात सगळा पायाच काढला की. घुमत होतं ते बहुतेक १५० ते २५० च्या मधलं. तिथं तीन-चार डेसिबल काढले असते तर भागलं असतं. त्याआधी उठून हॉलच्या मध्यावर जाऊन ऐकायचं, मगच हात लावायचा.

किकचीही (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमची) तीच गत. रेगेच्या या तालाला वन ड्रॉप म्हणतात: पहिली मात्रा रिकामी, किक आणि स्नेअरच्या कडेवरची काठी दोन्ही तिसरीवर एकत्र. आपण समेवर मान हलवणारी माणसं. इथं सम मुद्दाम मोकळी ठेवतात आणि सगळं वजन तिसरीवर टाकतात. मिक्सरवाल्याला वाटलं किकचा माईक गेला, म्हणून तो किकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) चढवत राहिला. पुढं गाणं रॉकमध्ये शिरलं, किक चारही मात्रांवर पडायला लागली आणि हॉलभर घूं घूं सुरू.

अल्बममध्ये हाच भाग ऐका. ड्रम आणि बेस एका खोलीत एकदमच घेतलेत, नंतर चिकटवलेले नाहीत. बेसला जुन्या फ्लॅटवाऊंड (गुळगुळीत) तारा, टोनचं बटण जवळजवळ बंद, आणि अँपला माईक न लावता थेट डीआयनं, वायरीतून घेतलेला. वेग मिनिटाला ७५ मात्रा. म्हणजे ६०,००० भागिले ७५, एका मात्रेला ८०० मिलिसेकंद. स्नेअरचा एको त्यावर बसवलेला. आज एको कशावर लावला होता देव जाणे, मात्रेच्या मधेच कुठंतरी पडत होता. एकोच्या टॅप बटणावर तालात चार वेळा बोट मारायचं काम होतं. बारा मिनिटांत तेवढंही जमलं नाही.

इनपुट लिस्ट, म्हणजे कुठलं वाद्य कुठल्या चॅनलवर ती यादी, आठवडाभर आधी पाठवली होती त्यांनी. सोळा चॅनल. मिक्सरही सोळाचाच, पण दोन निवेदकाच्या माईकना दिलेले. मग कीबोर्ड मोनो केला (दोनाऐवजी एका चॅनलवर) आणि मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी) वगळली. अल्बममधलं सगळ्यात हळवं गाणं मेलोडिकाचं आहे.

मिक्सरवाल्या पोरावर माझा राग नाही खरं तर. सकाळपासून दुसरीकडं मंडप लावून आला होता, जेवलाही नव्हता. त्याला यादी कुणी दाखवलीच नव्हती. दहाला आवाज बंद करावा लागतो, हेही मान्य. मग सत्कार साडेआठला संपवा ना! पलीकडं मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) लावताना तारेखालचा दोरा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत बसतात, आणि ऐकणारा थांबतो. तिथं थांबता येतं, तर इथं का नाही?

आणि ‘आपल्याकडं असलं चालत नाही’ म्हणणाऱ्यांनो, गणपतीत डॉल्बीची भिंत लावता ना? जमैकातल्या किंगस्टनच्या गल्ल्यांत १९५० च्या दशकात असेच स्पीकर रचून लोक नाचायचे, त्याच साऊंड सिस्टिमवाल्यांमुळं पुढं रेगे वाढला. २०१८ ला युनेस्कोनं त्याला वारसा म्हणून मान दिला. छातीत वाजणारा बेस आपल्या लोकांना कळतो. फक्त तो ऐकू तर येऊ द्या.

शेवटच्या गाण्यालाही तो पोरगा अँपजवळच उभा राहून वाजवत होता, कान तिकडंच. समोर चारशे माणसं, आणि त्याचा बेस ऐकणारा तो एकटाच. तरी एक सूर सोडला नाही त्यानं.

उद्या ही पोरं साताऱ्यात आहेत. तिथल्या मित्रांनो, चारला हॉलवर जा. मिक्सर भिंतीपासून सुटा करून खुर्च्यांच्या मधे घ्यायला लावा. दोन बेस बिन (बेसचे मोठे स्पीकर) दोन टोकांना असतील तर स्टेजसमोर मधोमध एकत्र आणा. बेसच्या चॅनलवरचं लो-कटचं बटण दाबलेलं नाही ना, बघा. निवेदकाला एकच माईक द्या, आणि मोकळ्या झालेल्या चॅनलवर मेलोडिका लावा.