फोटो तुमचा वाटत नाही

मागच्या नोव्हेंबरात आईला हयातीचा दाखला द्यायला बँकेत नेलं होतं. घासलेल्या बोटांचे ठसे मशीन घेईना, म्हणून काउंटरवरच्या मुलाने पेन्शनच्या कागदावरचा फोटो पाहिला. आई-बाबांचा जोडीचा फोटो, चौदा वर्षं जुना. त्यात आईचे गाल भरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, जाड काळा चष्मा. समोर उभी बाई वाळलेली, कपाळ मोकळं. तो म्हणाला, "आजी, हा फोटो तुमचा वाटत नाही. ज्यांचा आहे त्यांना घेऊन या."

"काहून बाप्पा, मीच तं आहो!" आई म्हणाली. मागची सगळी रांग तिच्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आतल्या टेबलावरचे जुने साहेब उठून आले, "अरे, या तर आपल्या काकू!" पाच मिनिटांत काम झालं.

त्या मुलाचे डोळे वाईट नव्हते. अनोळखी चेहरा फोटोशी जुळवणं माणसाला जमतच नाही नीट. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन डच बायकांचे प्रत्येकी २० असे ४० फोटो लोकांपुढे ठेवले आणि सांगितलं, एकेका व्यक्तीचे वेगळे गठ्ठे करा. ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले! म्हणजे दोघींच्या सात-आठ जणी झाल्या. त्या दोघी नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध होत्या, त्यामुळे तिथल्या बहुतेकांनी बरोब्बर दोन गठ्ठे केले. फोटो तेच, फरक ओळखीचा.

बरं, सरावाने हे सुधारतं का? ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. समोर जिवंत माणूस, हातात फोटो. दुसऱ्याचा फोटो १४ टक्के वेळा त्यांनी खरा मानला आणि ज्याचा त्याचाच असलेला फोटो ६ टक्के वेळा नाकारला. नोकरीच्या वर्षांनी काही फरक पडला नाही. त्या ६ टक्क्यांत माझी आई उभी आहे, असं मला वाचताना वाटत राहिलं.

आणि ओळखीचं माणूस असेल तर? मे महिन्यात नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलला ४५ डिग्रीत सगळ्या पोरीबाळी स्कार्फ-गॉगलमध्ये गुंडाळलेल्या असतात. चेहऱ्याचा एक इंच दिसत नाही. तरी माझी मैत्रीण मला तीन गाड्या पलीकडून कळते, कारण ती डावा खांदा पाडून बसते आणि सिग्नल सुटायच्या आधीच पाय वर घेते. अंधारात माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून नुसते हलते ठिपके दाखवले तरी कोणी चालतंय हे चटकन कळतं, हे स्वीडनच्या योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं होतं.

म्हणून काउंटरवरच्या लोकांना माझं म्हणणं साधं आहे. शंका घ्या, ते तुमचं कामच आहे. पण "हा तुम्ही नाही" असं रांगेसमोर बोलू नका. बाजूला बसवा, सही बघा, दुसरा कागद मागा, दुसऱ्या सहकाऱ्याला दाखवा. नुसत्या नजरेवर एवढा भरवसा ठेवू नका.

परवा आईने कपाटातून तो जाड काळा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. बँकेत लावायला. त्यातून तिला आता दिसत नाही.