नाम की क्रियापद: जोराचा नियम कुठे फसतो

सध्या फिरत असलेल्या एका मजकुरात चार दावे आहेत. इंग्रजीत कुठलंही नाम क्रियापद म्हणून वापरता येतं. शब्दाच्या पहिल्या अवयवावर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर दिला की नाम, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. स्पेलिंगमध्ये 'सी' असेल तर नाम, 'एस' असेल तर क्रियापद. आणि नामांची अशी क्रियापदं करण्याची खोड इंटरनेटने लावली. सगळ्यांत जास्त चुका दुसऱ्या दाव्यामुळे होतात, म्हणून आधी तो घेऊ.

'जोर बदलला की काम बदलतं'

रेकॉर्ड, परमिट, ऑब्जेक्ट, इन्सल्ट, कंडक्ट यांच्यापुरतं हे खरं आहे. पण रिपोर्ट, कंट्रोल, सपोर्ट, रिप्लाय, अटॅक, डिले यांचा जोर नाम असो वा क्रियापद, दुसऱ्याच अवयवावर राहतो. व्हिजिट, आन्सर, प्रॉमिस, कॉमेंट यांचा कायम पहिल्यावर. नियम पाठ करून बसलेला माणूस 'रिपोर्ट' हे नाम उच्चारताना 'रि'वर जोर देतो आणि तिथेच फसतो. कॉल, प्लॅन, वर्क अशा एका अवयवाच्या शब्दांत तर जोर हलवायला जागाच नाही.

या जोड्या मुळात कमी होत्या. 1570 सालच्या एका इंग्रजी कोशात जोर बदलणारे असे शब्द तीनच सापडतात: आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. 1934 पर्यंत हा आकडा दीडशेच्या घरात गेला. हा बदल अजून थांबलेला नाही. 'ॲड्रेस' ब्रिटिश उच्चारात दोन्ही वेळा दुसऱ्या अवयवावर जोर घेतो, तर अमेरिकेत बरेच जण नामाच्या वेळी तो पहिल्यावर आणतात.

जोर म्हणजे नुसता आवाज चढवणं नव्हे, ही गोष्ट त्या मजकुरात नाहीच. जोर गेला की त्या अवयवातला स्वर बहुधा खुरटतो. 'कंडक्ट'चं नाम 'कॉन्-डक्ट' असं ऐकू येतं, क्रियापद 'कन्-डक्ट' असं. 'ऑब्जेक्ट'चं क्रियापद जवळजवळ 'अब्-जेक्ट' होतं. मराठीत शब्दातला जोर हलवून अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो टिपत नाही. स्वरातला हा फरक मात्र लगेच टिपतो. सराव त्याच बाजूने करावा. शंका आली तर शब्दकोशात दिलेल्या उच्चारातली छोटी उभी रेघ बघावी. ती ज्या अवयवाच्या आधी असते, त्यावर जोर. नाम आणि क्रियापद या दोन्हींना एकच उच्चार दिला असेल, तर काही बदलायचं नाही.

काही जोड्या तर जोड्याच नाहीत. 'रिफ्यूज' म्हणजे नकार देणे. जोर पहिल्या अवयवावर आणून 'रेफ्यूस' म्हटलं की अर्थ कचरा. नकाराचं नाम 'रिफ्यूजल' आहे.

'सी म्हणजे नाम, एस म्हणजे क्रियापद'

'ॲडव्हाइस'ला हे लागू पडतं. 'प्लीज' लिहून पुढे 'सी'वालं ॲडव्हाइस टाकलेली ईमेल रोज येतात. तिथे 'एस' हवा आणि उच्चार 'ॲडव्हाइझ' हवा. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांच्यात हा भेद फक्त ब्रिटिश स्पेलिंग पाळतं. अमेरिकन स्पेलिंगमध्ये पहिल्याला दोन्हीकडे 'सी', दुसऱ्याला दोन्हीकडे 'एस'. नोटिस, डान्स, फोर्स यांच्या स्पेलिंगमध्ये 'सी' असूनही ती बिनतक्रार क्रियापदं होतात. उलट 'यूज', 'हाउस', 'एक्स्क्यूज' यांचं स्पेलिंग तसूभर बदलत नाही, उच्चार बदलतो: नामाच्या शेवटी 'स', क्रियापदाच्या शेवटी 'झ'.

'कुठलंही नाम चालतं'

नाही चालत. 'डिसिजन'चं क्रियापद होत नाही, कारण 'डिसाइड' आधीच जागा अडवून बसलंय. 'अरायव्हल', 'ॲग्रीमेंट' यांचंही तेच. 'क्वेश्चन' आणि 'मेन्शन' यांचा शेवट 'डिसिजन'सारखाच, पण त्यांच्यामागे असं तयार क्रियापद नाही, म्हणून ती चालतात.

चालतं तिथेही अर्थ गृहीत धरू नये. 'वॉटर' म्हणजे पाणी घालणे, पण 'मिल्क' म्हणजे दूध काढणे. 'डस्ट' तर दोन्हीकडून बोलतं: फळीवरची धूळ पुसणे आणि केकवर पिठीसाखर भुरभुरणे. भूतकाळातही गंमत आहे. 'रिंग' घ्या: घंटा वाजली तर 'रँग', पण शहराला कडं घातलं तर 'रिंग्ड', कारण हे दुसरं क्रियापद 'कडं' या नामावरून आलंय आणि अशी क्रियापदं सहसा साधा 'ईडी' घेतात.

'इंटरनेटने बिघडवलं'

जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाचा आणि प्रेम करणे या क्रियापदाचा शेवट वेगवेगळा होता. मधल्या शतकांत हे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचं 'लव्ह' झालं. मराठीत 'खेळणे'मधला 'णे' अजून टिकून आहे, तरी आज्ञार्थात आपलीही तीच गत होते: 'खेळ रंगला' आणि 'तू खेळ'.

प्रत्यय गेल्यावर रस्ता मोकळाच झाला, आणि त्यावरची कुरकुरही जुनी आहे. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने डिसेंबर 1789 मध्ये कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून नामांपासून केलेल्या नव्या क्रियापदांबद्दल नाराजी कळवली होती. त्याला खटकलेले शब्द होते नोटिस, ॲडव्होकेट आणि प्रोग्रेस.