दोन्ही बसले जी

राळेगाव रोडच्या जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो. पण एकदा शेटजींचं व्हॉट्सॲप सुरू करून दिलं, तेव्हापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात.

नेटवर्कचे आमच्याकडे स्विच दोन, म्हणजे काटा, बिलं, सगळ्यांच्या वायरी जिथं येऊन जुळतात ते डबे. बसवणाऱ्या पोरानं शेटजींना पटवलं होतं, "बैलजोडी समजा. एक बसला तं दुसरा ओढते." पुढे पोरगा पुण्याला नोकरीला लागला आणि जाताना वेसण घेऊन गेला. सगळं दोन-दोन, पासवर्ड मात्र एकच, आणि तोही पुण्यात.

दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. काट्यावर नवा कॅमेरा लावायचा, तर पोर्टची, म्हणजे वायर खोचायच्या खाचेची, सेटिंग बदलायला स्विचमध्ये शिरणं आलं. पोराला फोन लावला. "मले आठवत नाही भाऊ, पण तुमच्या ध्यानात राहीन असाच ठेवला होता!" शेटजींचं नाव, त्यांच्या लेकीचं नाव, म्हशीचं नाव, शेताचा गट नंबर, सगळं घालून पाहिलं.

शेटजी म्हणाले, "चालू तं आहे नं सगळं? मंग कायले उकरून रायला?" खरं दुखणं हेच. काटा चालतो, बिलं निघतात आणि मी एकटाच सांगत फिरतो की आपण बाहेर अडकलोय.

यवतमाळहून कन्सोल केबल आणली, म्हणजे संगणकावरून थेट स्विचशी बोलायची वायर. बोलण्याचा वेग 115200 ठेवला तर पडद्यावर जुन्या फेरफारातलं अक्षर. 9600 वर आणला तेव्हा स्विच स्वच्छ बोलला. बोलला काय, पासवर्डच मागितला.

उपाय एकच: करंट काढायचा आणि समोरचं मोड बटण दाबून धरून परत द्यायचा. स्विच अर्धवट जागा होतो. त्या झोपेत सगळ्या सेटिंग असलेल्या 'कॉन्फिग.टेक्स्ट' फाइलीचं नाव बदललं की तो पासवर्ड विसरूनच उठतो. मग फाइल जुन्या नावानं परत आणायची आणि नवा पासवर्ड घालायचा. आता बटण कपाटात, प्लग भिंतीपलीकडे. तिकडे चौकीदार काकांना उभं केलं.

"काढा काका!"

काट्याचा पडदा गोठला, बिल अर्ध्यात अडकलं, बाहेर हॉर्न सुरू झाले. पलीकडून काकांचा शांत आवाज आला, "दोन्ही बसले जी."

जोडी होती, पण बांधलेली एकाच खुंट्याला. दोघांच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात!

एकाला दुसरा प्लग दिला आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला दुसऱ्यानं खरंच ओढलं, फक्त आधी विचार करून. कोणती वाट चालू आणि कोणती बंद ठेवायची ते ठरवणारा स्विचमधला जुना स्पॅनिंग ट्री वाट बदलायला 50 सेकंदांपर्यंत घेतो. गाडीवाल्यांना जिनिंगच्या तीन पिढ्या आठवायला तेवढे पुरतात.

बटण दाबून अंगठा बधिर झाला, पण शिरलो आत. फाइल उघडली. पोरानं पासवर्ड साध्या अक्षरांत, उघडाच ठेवला होता. दहा आकडे. माझाच मोबाइल नंबर.

मागून शेटजी वाकले. "कोनता होता गा?"

"गेला तो आता," मी पान सरकवत म्हणालो, "नवा टाकतो."