सर्व्हर सापडत नाही, म्हणजे जातो तरी कुठे?

घरातल्या एका संगणकावर सिनेमे साठवून ठेवायचे आणि घरच्या नेटवर्कवरून टीव्हीवर पाहायचे, तर ते पुरवणारा तो संगणक म्हणजे सर्व्हर. 'सर्व्हर सापडला नाही' हे वाक्य टीव्हीच्या पडद्यावर उमटायला घरातली सगळी मंडळी दिवे मालवून बसलेली असावी लागतात. एकट्याने दुपारी सहज काही लावून पाहिलं तर सर्व्हर बिनबोभाट सापडतो. आणि त्या वाक्यात मला सगळ्यात जास्त चीड आणतो तो त्याचा सभ्यपणा. कुठे शोधला, किती वेळ शोधला, का मिळाला नाही, याबद्दल चकार शब्द नाही. खाली फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' असं बटण. ते दाबलं की तोच शोध त्याच ठिकाणी पुन्हा घेतला जातो आणि तेच उत्तर तितक्याच शांतपणे परत येतं. एव्हाना मागून कुणीतरी विचारतं, "हे सगळं फुकटात यूट्यूबवर नाही का दिसत?"

माझं मत असं, की सर्व्हर सहसा हरवत नाही. तो कपाटामागे हिरवा दिवा लावून निवांत बसलेला असतो. हरवलेला असतो तो त्याच्यापर्यंतचा रस्ता. म्हणून तपास सर्व्हरपासून सुरू करून टीव्हीकडे यायचं. घरोघरी मात्र पहिला हात राउटरच्या प्लगला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यातून संन्याशाला फाशी दिल्यावर कधीकधी चोरी थांबते, त्यामुळे या उपायावरची श्रद्धा आणखी पक्की होते.

प्लग उपटणं का वाईट, तेही सांगतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो, पण तो मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. सर्व्हरला आज १९२.१६८.१.२० मिळाला असेल. राउटर बंद करून चालू केला की काही राउटर जुनी वही विसरतात आणि जो आधी मागेल त्याला आधीचा पत्ता देऊन मोकळे होतात. मग २० वर कुणाचा तरी फोन जाऊन बसतो, सर्व्हर २३ वर जातो आणि टीव्ही बिचारा २० वरच हाका मारत राहतो. म्हणजे पूर्वी एकच बिघाड होता, आता दोन झाले, आणि पहिल्याचा पुरावाही पुसला गेला.

तेव्हा आधी थेट सर्व्हरच्याच संगणकावर ब्राउझर उघडायचा. सिनेमे पुरवणारा प्रोग्रॅम जेलीफिन किंवा एम्बी असेल तर लोकलहोस्ट (म्हणजे 'हाच संगणक'), कोलन, ८०९६. प्लेक्स असेल तर कोलनपुढे ३२४०० आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'वेब'. समोर एचटीटीपी हे स्वतःच्या हाताने टाइप करावं, कारण हल्लीचे ब्राउझर अतिसावध झाले आहेत. आपण काही लिहिलं नाही तर ते कधीकधी स्वतःहून एचटीटीपीएस लावून पाहतात, सर्व्हरकडे तर प्रमाणपत्र नसतं, आणि मग 'सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही' असा इशारा वाचून माणूस दुसऱ्याच जंगलात शिरतो.

इथेच पान उघडलं नाही तर टीव्हीचा काही दोष नाही, सर्व्हरचा प्रोग्रॅमच बंद आहे. उघडलं तर अर्धी लढाई संपली. आता फोन हातात घ्यायचा, मोबाइल डेटा बंद करायचा (हे विसरणारे पुष्कळ) आणि त्याच वाय-फायवरून सर्व्हरचा आकडी पत्ता आणि पोर्ट, म्हणजे कोलनपुढचा तो दाराचा आकडा, टाकायचा. या पायरीवर जे उत्तर येतं ते नीट वाचावं, कारण टीव्ही जे सांगत नाही ते ब्राउझर सांगतो. 'जोडणी नाकारली' असं लगेच, फटकन आलं, तर आनंद मानावा. यंत्र जागेवर आहे, पत्ता जिवंत आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. पोर्ट चुकलाय, नाहीतर प्रोग्रॅम फक्त १२७.०.०.१ वर ऐकतोय, म्हणजे स्वतःच्याच घरात स्वतःशी बोलतोय. सेटिंगमध्ये ते ०.०.०.० केलं की तो सगळ्यांचं ऐकू लागतो. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणाऱ्या सोयीत, बसवलेला असेल तर पोर्ट बाहेर काढायचाच राहिला असण्याची शक्यता मोठी. कंटेनरच्या आत ८०९६ सुखेनैव चालू, बाहेर कुणाला पत्ता नाही.

याउलट चक्र नुसतंच फिरत राहिलं आणि बऱ्याच वेळाने 'वेळ संपली' आलं, तर मधे कुणीतरी आपला निरोप गिळतोय. हा गिळणारा बहुधा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा संगणकातला पहारेकरी, असतो. विंडोजवर नेटवर्कचे दोन प्रकार आहेत, खाजगी आणि सार्वजनिक. राउटर बदलला, किंवा वाय-फायचं नाव बदलून काहीतरी विनोदी ठेवलं, की विंडोजला ते नवंच नेटवर्क वाटतं आणि ते त्याला सार्वजनिक ठरवून मोकळं होतं. सर्व्हरला परवानगी असते ती खाजगीपुरती. झालं! कालपर्यंत चाललेली गोष्ट आज बंद, आणि कुणीच काही बदललेलं नसतं. नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन 'खाजगी' निवडलं की संपलं. पूर्ण फायरवॉल बंद करून पाहायचा मोह इथे सगळ्यांना होतो. तपासापुरता दोन मिनिटं केला तर हरकत नाही, पण तो पुन्हा चालू करणारा माणूस माझ्या पाहण्यात अजून यायचा आहे.

जाता जाता पिंगबद्दल, म्हणजे एखाद्या पत्त्याला 'आहेस का?' असं विचारणाऱ्या आज्ञेबद्दल. पिंगला उत्तर आलं तर यंत्र जिवंत आहे हे नक्की. उत्तर नाही आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण विंडोजचा फायरवॉल पिंगलाही अनेकदा उत्तर देऊ देत नाही.

आता पत्त्याकडे परत येतो, कारण निम्मी दुखणी तिथेच आहेत. सर्व्हरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक बनवून घेतला आहे. केबल, सॉकेट, स्विच तपासा, सॉफ्टवेअरला हात लावू नका. पत्ता बरोबर आहे पण दर काही दिवसांनी बदलतो, असं असेल तर राउटरच्या पानावर 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' शोधायचं आणि सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला एक पत्ता कायमचा बांधून टाकायचा. यात एक गंमत आहे. लॅपटॉपला सर्व्हर केलेलं असेल तर त्याच्या वाय-फायचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा आणि केबलच्या कार्डाचा वेगळा. आरक्षण वाय-फायच्या नावाने करायचं आणि नंतर वेग वाढावा म्हणून केबल खोचायची, की पत्ता पुन्हा बदलला. घरातल्या हुशार माणसाच्या हातून घडणारा हा खास बिघाड आहे.

त्याहून कपटी प्रकार म्हणजे सर्व्हरवर हाताने पत्ता ठरवून देणं, तोही राउटर ज्या आकड्यांमधून वाटप करतो त्यांच्याच मधला. राउटरला याची खबर नसते. सगळं महिनोन् महिने ठीक चालतं. मग पाहुणे येतात, त्यांचे चार फोन वाय-फायवर चढतात, त्यातल्या एकाला नेमका तोच पत्ता मिळतो आणि सर्व्हर अधूनमधून गायब होऊ लागतो. पाहुणे गेले की आपोआप बरा होतो. अशा वेळी पाहुण्यांवर संशय घेणं तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य असलं तरी बोलून दाखवू नये. राउटरने वाटायचे पत्ते १०० ते २०० असे आखून घ्यावेत आणि हाताने द्यायचा पत्ता त्याबाहेरचा, म्हणजे समजा २०, ठेवावा.

फोनवर पान उघडतं पण टीव्हीवर नाही, अशी वेळ आली की दोघं खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहायचं. 'वाय-फाय तर एकच आहे' हे उत्तर ग्राह्य धरू नये. टीव्ही जर गेस्ट नेटवर्कवर असेल तर राउटर त्याला फक्त इंटरनेटकडे जाऊ देतो, घरातल्या बाकीच्या यंत्रांचं तोंडही पाहू देत नाही. गेस्ट नेटवर्कची योजनाच त्यासाठी असते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. दुसरा प्रकार म्हणजे आतल्या खोलीत सिग्नल येत नाही म्हणून लावलेला दुसरा राउटर. तो स्वतःचं वेगळं राज्य थाटतो. एकीकडे १९२.१६८.१, दुसरीकडे १९२.१६८.०. आतल्या राउटरमागचा टीव्ही बाहेरच्या सर्व्हरपर्यंत आकडी पत्त्याने पोचू शकतो, पण 'आपोआप शोधा' म्हटलं तर त्याला काही सापडत नाही, कारण आपोआप शोधणं म्हणजे सगळ्यांना उद्देशून हाक मारणं आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. सर्व्हर आतल्या बाजूला आणि टीव्ही बाहेर असेल तर आकडी पत्ताही चालत नाही. दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाकायचं, म्हणजे तो वेगळं राज्य न थाटता नुसतं वाय-फाय पुरवतो, आणि प्रश्न मिटतो. जेलीफिनची ही हाक ७३५९ या यूडीपी पोर्टवर जाते आणि डॉकर कंटेनरसाठी जे वेगळं आतलं नेटवर्क (ब्रिज) बनवतो, त्यातही ती अडते. तेव्हा शोध लागत नसेल तर टीव्हीवर पत्ता सरळ हाताने टाकावा.

हाताने टाकावा हे लिहायला सोपं आहे. रिमोटच्या बाणांनी पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर गाठत पत्ता, मग नाव, मग कुणीतरी एकेकाळी सुरक्षेच्या भरात ठेवलेला, मोठी-छोटी अक्षरं आणि चिन्हं मिसळलेला पासवर्ड. शेवटून दुसऱ्या अक्षराला हात घसरतो आणि 'मागे' दाबलं जातं. जेलीफिनमध्ये यावर 'क्विक कनेक्ट' नावाची सोय आहे. टीव्हीवर सहा आकडी कोड येतो, तो फोनवर आधीच लॉगिन असलेल्या खात्यातून मंजूर करायचा. ज्याने ही सोय केली त्याचं भलं होवो.

समजा जोडणी झाली. सिनेमांची चित्रं दिसतात, दाबलं की मात्र काही लागत नाही. ही वेगळीच जात आहे. चित्रं सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर साठवलेली असतात, सिनेमे बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क झोपली असेल तर जागी व्हायला काही सेकंद घेते, तेवढ्यात टीव्हीचा धीर सुटतो. दुसऱ्यांदा दाबलं की लागतं. पण यूएसबी काढून पुन्हा लावल्यावर तिचं अक्षर ई वरून एफ झालं असेल तर कितीही वेळा दाबून उपयोग नाही. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर पक्कं करावं, लिनक्सवर एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या फाइलमध्ये) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, माउंट करावी. लिनक्सवर आणखी एक अडचण आहे. फाइल वाचायची परवानगी दिली तरी तिच्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जायची परवानगीही जेलीफिनच्या वापरकर्त्याला लागते. वरच्या एका फोल्डरने अडवलं की संपूर्ण संग्रह रिकामा. आणि डिस्क सापडत नसताना 'लायब्ररी पुन्हा तपासा' हे बटण चुकूनही दाबू नये. सर्व्हर प्रामाणिक असतो, फाइली दिसल्या नाहीत तर तो यादीतून नावं काढून टाकू शकतो. प्लेक्समध्ये प्रत्येक तपासणीनंतर कचरापेटी आपोआप रिकामी करण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवावा.

आणि सिनेमा लागतो, पण दर मिनिटाला थांबतो, तेव्हा सगळे एकमुखाने इंटरनेटला शिव्या देतात. इंटरनेटचा इथे संबंध नाही. घरातल्या घरात चाललेल्या प्रवाहाला बाहेरची लाइन लागतच नाही. ४के डिस्कवरून उतरवलेल्या फाइलचा वेग प्रमाणानुसार १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, आणि पुष्कळ टीव्हींचं केबलचं सॉकेट १०० मेगाबिटचंच असतं. म्हणजे भिंत फोडून, पट्टी लावून, मोठ्या कौतुकाने ओढलेल्या केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय सरस ठरतं, हे सांगायची हिंमत लागते. सॉकेट गिगाबिटचं असूनही वेग १०० वरच अडकला असेल तर केबल बदलावी. हजारला आठही तारा लागतात, १०० ला त्यातल्या ठरावीक चार पुरतात. बाकीच्या चारांपैकी एखादी तुटली की १०० चालतं, हजार नाही.

केबलही ठीक, वाय-फायही ठीक, तर सर्व्हरच्या डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले' (फाइल आहे तशी पाठवणं) आहे की 'ट्रान्सकोड' (ती वाटेत नव्याने बनवून पाठवणं) ते पाहा. ट्रान्सकोड असेल तर कारणही तिथेच दिलेलं असतं, आणि ते सबटायटल असण्याची शक्यता बरीच. डिस्कवरची पीजीएस सबटायटलं अक्षरांची नसतात, चित्रांची असतात. टीव्हीला ती दाखवता येत नसतील तर सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती चिकटवून सगळा सिनेमा नव्याने बनवत बसतो. साध्या अक्षरांची सबटायटलं असलेली एसआरटी फाइल वापरा, सर्व्हरच्या पंख्याचा आवाज थांबेल.

राहता राहिला घराबाहेरून पाहण्याचा हट्ट. पोर्ट फॉरवर्ड केलेला आहे, म्हणजे बाहेरून आलेली हाक सर्व्हरकडे पाठवायला राउटरला सांगितलं आहे, तरी चालत नाही? आधी एक खात्री करा, की चाचणी घरच्या वाय-फायवर बसूनच घेत नाही ना. पुष्कळ राउटर स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याला आतून मारलेली हाक परतवू शकत नाहीत. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहा. तरीही नाही, तर राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर सेवादात्याने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं कोंबली आहेत आणि आपण उघडलेला दरवाजा जिन्यात उघडतो, रस्त्यावर नाही. मग पोर्ट फॉरवर्डिंगची सगळी पानं बंद करून सर्व्हरवर आणि फोनवर टेलस्केल, म्हणजे दोघांना इंटरनेटवरून एकाच खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर, घालावं. घरच्या टीव्हीला त्यातलं काहीही लागत नाही, त्याला आपला १९२.१६८.१.२० च राहू द्यावा.