पाहुण्याचे सहा महिने, घरची चार वर्षं

‘जर्मनीत एक सेमिस्टर केलं आणि कळलं, नागपुरातली चार वर्षं फुकट गेली. तिकडे हजेरी नाही, फी नाही, पाठांतर नाही. शिवाय सेमिस्टरला ३० क्रेडिट, आपल्याकडे जेमतेम वीस-बावीस.’ हा मेसेज सध्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा शंकरनगर चौकात एका ज्युनिअरनं तो दाखवून विचारलं, “दादा, इथं खरंच काही अर्थ नाही का?” मी स्वतः एक्स्चेंजवर, म्हणजे इथलाच विद्यार्थी राहून, तिकडे सेमिस्टर काढून आलोय, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी हजेरी. लेक्चरला घेत नाहीत, खरंय. पण लॅबला दांडी चालत नाही. आणि तिथं पदवी करणाऱ्याला एका पेपरला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झाला, की तो अभ्यासक्रम त्याला देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. माझ्या शेजारच्या खोलीतला मुलगा तिसऱ्या प्रयत्नाच्या आधी रात्र-रात्र किचनमध्ये बसून असायचा, समोरचं ताट तसंच. आम्हा एक्स्चेंजवाल्यांना ती भीती नव्हती. नापास झालो असतो तर नागपुरात येऊन तो विषय पुन्हा केला असता. आम्ही तिथं पाहुणे होतो, आणि मेसेज लिहिणाराही पाहुणाच होता.

फीचंही तेच. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. एक्स्चेंजवाल्याला ते माफ असतात, कारण त्याच्या बापानं फी इथं भरलेली असते.

क्रेडिटची तुलना तर चुकीचीच आहे. आपल्याकडे साधारणपणे आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट. युरोपात एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरी बसून केलेला अभ्यासही आला. मापं वेगळी, मग आकडे शेजारी कसे ठेवायचे?

पाठांतराबद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे. तिथं लेक्चरच्या जोडीला उदाहरणं सोडवायचा वेगळा तास असतो, सिनिअर विद्यार्थी ते घेतात, अडलं की शेजारी येऊन बसतात. पेपर तपासून झाल्यावर मार्क कुठे गेले ते बघता येतं. हे दोन्ही आपल्याकडे हवंच, आणि त्यासाठी भांडायला मी तयार आहे. पण त्या तासाला पहिल्याच आठवड्यात मोरचं वर्तुळ (वस्तूच्या आतले ताण दाखवणारी आकृती) आलं, तेव्हा फळ्यावर ते मी काढलं. ते मला सेकंड इयरला इथं शिकवलं होतं. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, कूलरच्या घरघरीत आमच्या सरांनी जुन्या लेथचा गिअरबॉक्स उघडला आणि प्रत्येकाला आत हात घालायला लावला. ग्रीसचे डाग त्या शर्टावर अजून आहेत. तिकडच्या लॅबमध्ये टेस्टिंग मशीन काचेपलीकडे होतं. टेक्निशियननं चालवलं, आम्ही आलेख घेऊन खोलीवर गेलो.

त्या ज्युनिअरला म्हटलं, जा, नक्की जा. फक्त निघायच्या आधी तिकडचे कोणते विषय इथं धरणार, ते कॉलेजकडून लेखी घे. माझा एक विषय धरला नाही, आणि तो मी सातव्या सेमिस्टरच्या विषयांसोबत पुन्हा केला.