बफर किती काळ धरून ठेवायचा?
प्रत्येक घटनेगणिक (इव्हेंटगणिक) मॅलॉक, म्हणजे मेमरी मागणारे सी भाषेतील फंक्शन, बोलावणे महाग पडते, म्हणून सर्व्हर लिहिताना पहिल्या दिवसापासून स्वतःचा मेमरी पूल (आधीच घेऊन ठेवलेला मेमरीचा साठा) बांधावा, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला घाईचा वाटतो. ग्लिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक लहान तुकडे बहुतेक वेळा त्या थ्रेडच्या (प्रोग्राममधील कामाच्या धाग्याच्या) स्वतःच्या कॅशेमधूनच, म्हणजे हाताशी ठेवलेल्या साठ्यातूनच, देतो, त्यामुळे इव्हेंट लूपचा (घटनांची वाट पाहून त्या एकेक हाताळणाऱ्या चक्राचा) वेळ नेमका कुठे जातो हे प्रोफायलर, म्हणजे वेळ मोजणारे साधन, चालवल्याशिवाय ठरवू नये.

बफरच्या (आलेला डेटा तात्पुरता ठेवण्याच्या मेमरीच्या) आयुष्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो आधीच सोडवावा लागतो. लिबयूव्ही ही इव्हेंट लूप पुरवणारी लायब्ररी प्रत्येक वाचनापूर्वी ॲलोकेशनचा कॉलबॅक, म्हणजे बफर देण्यासाठी आपण लिहिलेले फंक्शन, बोलावते आणि 65,536 बाइटचा आकार सुचवते. तेवढा बफर प्रत्येक कनेक्शनला कायमचा बहाल केला, तर 10,000 कनेक्शनसाठी, त्यांतली बहुतेक नुसती उघडी पडलेली असली तरी, 655 एमबीपर्यंत मेमरी अडकू शकते. लूप एकाच थ्रेडवर चालत असल्याने, वाचनाचा कॉलबॅक (डेटा आल्यावर बोलावले जाणारे आपले फंक्शन) परतण्याआधी डेटा वापरून किंवा कॉपी करून होत असेल, तर एकच सामाईक बफर सर्वांना पुरतो.

एंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला मेमरी पूल असतो हे खरे, पण त्याचा मोठा फायदा, माझ्या मते, वेगापेक्षा रिक्वेस्ट संपताच सारी मेमरी एकदम मोकळी करता येण्यात आहे.